चौथ्या तासाचा उजेड

पोरी, तुझा कागद वाचला. बॅटरी स्वतः बनवायची ठरवलीस ते झकास झालं. पण पहिल्याच ओळीत तू '५००० लुमेन' लिहिलंस. तो आकडा खोड. लुमेन सगळ्यात शेवटी लिहायचे. आधी लिहायचं की अंधार कुठला, हात कुणाचा आणि उजेड किती तास पुरायला हवा. माझी हयात संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत लेथवर गेली. तिथं ड्रॉइंग हातात आलं की मी पहिल्यांदा विचारायचो, हा जॉब बसणार कुठं? बॅटरीलाही तेच विचार.

उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या दाजींचं फुलंब्रीचं रान बघ. शेतीची थ्री-फेज लाइन चक्रानं येते, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. सौर कृषी वाहिनी जिथं झाली तिथं दिवसा मिळते. जिथं नाही झाली तिथं आल्याला आणि मक्याला पाणी रात्रीच भरायचं. माणूस पहाटेपर्यंत दारं धरत उभा असतो. हातात खोरं, पाय चिखलात, बॅटरी काखेत नाहीतर दातात. मोटार ट्रिप झाली की स्टार्टरच्या पेटीपाशी जायचं, आणि पेटी उघडली की दोन्ही हात तिथंच गुंतले. वाटेत मण्यार असू शकते, बांधाला घोणस. ऊस असेल तिकडं हल्ली बिबट्याचीही भीती. ह्या माणसाला पहिल्या मिनिटाला डोळे दिपवणारा झोत नकोय. चौथ्या तासालाही पहिल्या मिनिटासारखाच राहणारा उजेड हवाय.

खोक्यावरचा आकडा मात्र पहिल्या मिनिटाचाच असतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, मोजायची रीतच तशी आहे. २००९ साली अमेरिकेत विजेऱ्यांसाठी एफएल-१ नावाचं प्रमाण ठरलं आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात लुमेन मोजायचे ते बटण दाबल्यावर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांच्या आत. 'इतके तास चालते' म्हणजे सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत. म्हणजे २००० लुमेन, ६ तास असं छापलेली बॅटरी चौथ्या मिनिटाला पाचशेवर आली आणि मग तासन्‌तास तीनशेवर चालत राहिली, तरी खोकं खोटं ठरत नाही. म्हणून कुठलीही बॅटरी घेताना किंवा नक्कल करताना उजेड वेळेनुसार कसा उतरतो, तो आलेख माग. नसेल तर स्वतः काढ.

आता उजेड का उतरतो, ते समजून घे. बाकी सगळं डिझाइन त्यातून निघतं. एलईडीला दिलेल्या विजेपैकी निम्मी तरी उष्णता होते. २००० लुमेनसाठी साधारण वीस वॉट लागतात, त्यातले बारा तरी उष्णतेत जातात असं धर. तुझी बॉडी दीडशे ग्रॅम अॅल्युमिनियमची. तेवढं अॅल्युमिनियम एक अंशानं तापायला जवळपास १३५ ज्यूल लागतात. म्हणजे अकरा-बारा सेकंदाला एक अंश. मे महिन्याच्या रात्री आपल्याकडं हवाच तिशीत असते. ५० अंशांच्या पुढं धातू हातात धरवत नाही. ३० वरून ५० वर जायला चार मिनिटंही लागत नाहीत.

पुढं काय? पुढं जेवढी उष्णता हवेत जाते तेवढीच तयार करायची, एवढाच मार्ग. चौदा सेंटीमीटर लांब आणि अठ्ठावीस मिलिमीटर जाड नळीचा पृष्ठभाग सव्वाशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतो. स्थिर हवेत आणि वीस अंशांच्या फरकानं तो अडीच वॉट उष्णता सोडतो. वारं असलं किंवा हात ओला असला तर थोडी जास्त. अडीच वॉट उष्णता म्हणजे सुमारे पाच वॉट वीज, म्हणजे पाचशे-सहाशे लुमेन. हातात मावणाऱ्या बॅटरीची खरी ऐपत एवढीच. जगातल्या कुठल्याही कंपनीनं कुठलीही एलईडी बसवली तरी ह्या हिशेबातून सुटका नाही. पंखा लाव म्हणशील, काहींनी लावलाय. आपल्या काळ्या मातीच्या धुरळ्यात तो किती दिवस फिरेल ते तूच सांग.

म्हणून कागदावर असं लिही: कायमचा उजेड पाचशे, रात्रभराचा दोनशे, आणि गरजेपुरता मिनिटभर बाराशे-पंधराशे. दोनशे ऐकून नाक मुरडू नकोस. आमच्या काळची दोन सेलची पितळी टॉर्च, जिच्यावर सगळं गाव विसंबून असायचं, ती नवे सेल टाकल्यावर दहा-पंधरा लुमेनच द्यायची. आणि डोळा सरळ हिशेबानं बघत नाही. उजेड दुप्पट वाटायला लुमेन जवळजवळ चौपट लागतात. दोन हजाराचे पाच हजार केलेस तर खिशाला कळेल, डोळ्याला फार कळणार नाही.

उष्णता बाहेर काढायची तर एलईडीपासून हातापर्यंतची वाट मोकळी हवी. मोटार कितीही मोठी असली तरी पाट एका जागी अरुंद झाला की पाणी तिथंच तुंबतं, तसं हे आहे. एलईडी तांब्याच्या पट्टीवर घे, आणि मधला पॅड थेट तांब्याला भिडणारा घे. अॅल्युमिनियमच्या स्वस्त पट्टीत मध्ये एक विद्युतरोधक थर असतो, तोच उष्णता अडवतो. पट्टीखाली पेस्ट लावायची ती फक्त खाचा भरण्यापुरती. जास्त लावली की काम बिघडतं. आणि ज्या शेल्फवर पट्टी बसते ते शेल्फ बॉडीच्या त्याच बारमधून कोरून काढ. वेगळी चकती दाबून बसवलीस की तिच्या कडेला उष्णता अडलीच.

बॉडीला ६०६१ अॅल्युमिनियम. तांब्याची उष्णता वाहायची ताकद त्याच्या दुपटीहून जास्त, पण वजन तिप्पट. स्टेनलेस स्टील दिसायला देखणं, उष्णता वाहण्यात अॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाचंही नाही. टायटॅनियम त्याहून वाईट. ती शोकेसची कामं. एक गंमत सांगतो. चकचकीत अॅल्युमिनियमपेक्षा अॅनोडाइझ केलेलं अॅल्युमिनियम उष्णता जास्त सोडतं, कारण उघडा चकचकीत धातू उष्णता किरणांवाटे फारशी बाहेर टाकत नाही. रंग काळा की हिरवा यानं विशेष फरक पडत नाही. तेव्हा हार्ड अॅनोडाइझिंग करून घे आणि पॉलिशचा मोह सोड.

आणि हेच अॅनोडाइझिंग आट्यात दगा देतं, तेही ऐकून ठेव. पन्नास मायक्रॉनचा थर दिला तर निम्मा धातूच्या आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. साठ अंशांच्या आट्यावर ही पंचवीस मायक्रॉनची वाढ पिच व्यासावर चौपट दिसते, म्हणजे दहा शतांश मिलिमीटर. ड्रॉइंगमध्ये सोडलं नाहीस तर पॉलिश-प्लेटिंगवाल्याकडून माल परत येईल आणि टोपी फिरणारच नाही. जमलं तर आटे चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल कर, माती गेली तरी अडकत नाहीत. थर विजेला अडवतो, म्हणून टोपी जिथं बॉडीच्या कडेला टेकते ती कड मास्क करून उघडी ठेव, आटे मात्र अॅनोडाइझ राहू दे. त्याचा फायदा असा की टोपी पाव फेरा सैल केली की सर्किट तुटतं. पिशवीत बॅटरी आपोआप लागून सगळं तापवते, ती भानगड तिथंच मिटली. हे सगळं कुणाकडून करून घ्यायचं म्हणशील तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये एकदा जाऊन ये. वाळूजच्या शेडमध्येही करून मिळतं, पण तिथं टॉलरन्स तोंडी सांगून चालत नाही, कागदावरच दे.

आता झोत. लोक लुमेन आणि लांब पल्ला एकच समजतात. लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो कुठंही सांडलेला असो. लांब जातो तो कँडेला, म्हणजे एका दिशेला किती एकवटला आहे ते. पल्ल्याचा हिशेब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढ आणि दुप्पट कर, मीटर मिळतील. २२,५०० कँडेला म्हणजे ३०० मीटर. पण त्या ३०० मीटरवर पडणारा उजेड पाव लक्स असतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. एवढ्यात काहीतरी उभं आहे हे कळेल, कुत्रं आहे की बिबट्या हे नाही कळणार. १०० मीटरवर तोच झोत सव्वादोन लक्स देतो, तिथं ओळख पटते. तेव्हा छापील पल्ल्याचा तिसरा हिस्सा कामाचा, असं धरून चाल. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात. म्हणून 'दोन किलोमीटर' लिहिलेल्या खोक्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या आरशाचं तोंड बघ.

पल्ला वाढतो दोनच गोष्टींनी. एलईडीचा ठिपका लहान आणि प्रखर हवा, आरसा रुंद हवा. तीच एलईडी, तेवढाच करंट, पण आरसा वीस ऐवजी चाळीस मिलिमीटरचा केलास तर कँडेला चौपट होतात. वीज एक वॉटही जास्त जात नाही. मोठ्या ठिपक्याची एलईडी लुमेन भरपूर देते, पण ती जवळ सांडते. गुळगुळीत आरसा धार देतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आरसा कडा मऊ करतो, पल्ला थोडा खातो.

दाजींसाठी मी दोन वेगळे दिवे एकाच डोक्यात बसवीन. एक लहान प्रखर ठिपक्याची एलईडी गुळगुळीत खोल आरशात, लांबसाठी. बाजूला दुसरी, पसरट भिंगाखाली, पायापाशी आणि पेटीत बघायला. बांधावर माणसाचं नव्वद टक्के काम पंधरा फुटांच्या आत असतं. नुसत्या लांब झोताच्या बॅटरीनं पायाशी एक पांढरा गोळा पडतो आणि भोवती काळोख आणखी दाट होतो. तसल्याच काळोखात पाय मण्यारीवर पडतो.

हा जवळचा दिवा कुठल्या रंगाचा घ्यायचा ते कळायला अजिंठ्याला जा. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभी राहा आणि तिथल्या नियमात राहून बघ. गेरूचा लाल, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा, आणि मध्येच लाजवर्द दगडाचा निळा. निळसर पांढऱ्या स्वस्त एलईडीत त्या भिंतीवरचे लाल मेलेले, तपकिरी दिसतात. कारण पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी, वर पिवळं फॉस्फर. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पण स्वस्त फॉस्फरमध्ये लालाचा वाटा कमी पडतो. पूर्वी लेण्याबाहेर आरसा नाहीतर पांढरं कापड धरून उन्हाचा झोत आत वळवायचे, त्यात रंग बरोबर दिसायचे, कारण ते ऊनच होतं.

रानात लेणी नसतात, पण वाळक्या पाल्यात पडलेली घोणस तपकिरीवर तपकिरी असते. मुरमाड वाटेवरचं फुरसं मातीच्याच रंगाचं. रंग नीट उमटले तर ते दिसतं, नाहीतर सगळा राखाडी पट्टा. म्हणून जवळचा दिवा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वरचा घे आणि आर-९ म्हणजे खोल लाल रंगाचा आकडाही बघ. रंगतापमान चार ते साडेचार हजार केल्विन. निचियाच्या ५१९ए सारख्या एलईडी ह्या कामाला नावाजलेल्या आहेत. लुमेन थोडे कमी मिळतील, मिळू दे. लांबच्या दिव्याला मात्र सीआरआयचा हट्ट धरू नकोस. शंभर मीटरवर रंग कुणी बघत नाही, तिथं ठिपक्याची प्रखरता महत्त्वाची.

उजेड कुठल्या उंचीवरून पडतो, हेही डिझाइनच. वेरूळला कैलासाच्या भिंतीवर समोरून झोत टाक, भिंत सपाट दिसेल. तोच झोत भिंतीलगत तिरपा धर, छिन्नीचा प्रत्येक घाव उठून येतो. सापाचंही तेच. डोक्यावरच्या पट्ट्याचा दिवा डोळ्याच्या रेषेतून पडतो, त्यामुळं वस्तूची सावली तिच्या मागं दडते आणि जमीन सपाट दिसते. बॅटरी गुडघ्याच्या उंचीवर धरून चाललं की दोरी, काटकी, साप सगळ्यांना लांब सावली पडते. जनावराच्या बाबतीत उलटं. बिबट्या, कोल्हा, मांजर यांच्या डोळ्यातून उजेड आला त्याच वाटेनं परत फिरतो, म्हणून बॅटरी कानशिलाला लावून बघितलं तरच डोळे चमकताना दिसतात, कमरेवरून नाही. तेव्हा बॅटरी अशी बनव की गळ्यातल्या दोरीला उलटी टांगली तर जवळचा दिवा पायाशी पडेल आणि उचलून कानशिलाला लावली तर अंगठा लांबच्या झोताच्या बटणावर येईल. डोक्याचा पट्टा वेगळा विकू नकोस. डोक्यावरच्या दिव्याला पतंग तोंडावर येतात, तेही आहेच.

बटणं दोन ठेव, आणि अंधारात चिखलानं भरलेल्या बोटाला कळतील अशी. एक उंच, एक खोलगट. बंद अवस्थेतून पहिलं दाबणं नेहमी मंद उजेडावर उघडावं. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ती मोडते. देवगिरी किल्ल्याच्या अंधारी नावाच्या बोळात उतरताना हे कळतं. त्या बोळात दहा-वीस लुमेन पुरतात, जास्त टाकलेस की जवळच्या भिंतीवरून उजेड तुझ्याच डोळ्यात येतो आणि छताची वटवाघळं फडफडायला लागतात. लुकलुकणारा मोड, एसओएस वगैरे काढून टाक. फारच हौस असेल तर असा लपव की चुकून लागणार नाही.

आता सेल. इथं सगळ्यात जास्त फसवाफसवी आहे. १८६५० म्हणजे अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब. २१७०० म्हणजे एकवीस आणि सत्तर. १८६५० मध्ये चांगला सेल सहसा साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतो, २१७०० पाच हजाराच्या आसपास. '९९०० एमएएच' लिहिलेला १८६५० दिसला तर तो हातातही घेऊ नको. घेतलाच तर वजन कर. खरा पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो, तोतया बराच हलका असतो. आत जुन्या लॅपटॉपचा सेल निघतो नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. सेल घेताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बघ, आयएस १६०४६ आणि त्याखाली आर-नंबर. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा वजनकाटा पर्समध्ये असू दे. हसतील, हसू दे.

पण मला विचारशील तर शेतीच्या बॅटरीला मी हे दोन्ही घेणार नाही. लिथियम फॉस्फेटचा ३२७०० घेईन, आणि त्याला नळी वरच्या अठ्ठावीस मिलिमीटरपेक्षा जाड करीन. व्होल्टेज ३.२, क्षमता सहा हजार, म्हणजे एकोणीस वॉट-तास. ऊर्जा २१७०० एवढीच, वजन दुप्पट. तरीही घेईन, कारण ही बॅटरी मे महिन्यात पत्र्याच्या खोपीत दुपारभर पडून राहणार आहे. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखाली किती होतं ते तुला माहीत आहे. नेहमीचा लिथियम-आयन सेल अशा उन्हात पूर्ण भरून ठेवला की लवकर म्हातारा होतो, आणि बिघडला तर पेटतो. फॉस्फेटचा सेल उष्णतेला खमका, पेटायला नाखूश, आणि दोन हजार वेळा भरला तरी टिकून राहतो. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कुठलीच बॅटरी ठेवू द्यायची नाही, हे खोक्यावर मराठीत छाप.

फॉस्फेटच्या दोन खोडी आहेत. तो ३.६५ व्होल्टपर्यंतच भरायचा, ४.२ च्या चार्जरवर लावायचा नाही. म्हणून चार्जिंगचं सर्किट बॉडीतच दे, लोकांच्या हाती सोडू नको. दुसरं, त्याचं व्होल्टेज रात्रभर सरळ राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. बांधाच्या मधोमध अंधार झाला तर माणूस तुला शिव्या देईल आणि बरोबरच देईल. ड्रायव्हरमध्ये अशी सोय कर की उतार सुरू होताच दिवा दोनदा डोळा मिचकावून वीस लुमेनवर उतरेल आणि तिथं तासभर तरी टिकेल. घरी पोचायला तेवढं पुरतं. हिशेबही करून बघ: एकोणीसातले सोळा-सतरा वॉट-तास एलईडीपर्यंत पोचले आणि आठ तासांत वाटले तर सतत दोन वॉट. दोनशे लुमेन आरामात, वर थोडी शिल्लक.

ड्रायव्हर करंट स्थिर ठेवणारा घे. सेल उतरला तसा उजेड उतरणारं स्वस्त सर्किट नको. फॉस्फेटचं व्होल्टेज एलईडीच्या गरजेच्या अगदी जवळ असल्यानं मोठ्या झोताला बूस्ट लागेल. झोत मंद करायला वीज भराभर चालू-बंद करणारी पद्धत वापरलीस तर वेग इतका ठेव की मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसू नयेत. उष्णतेचा सेन्सर एलईडीच्या पट्टीजवळ बसव आणि उजेड पायरीपायरीनं नको, हळूच उतरव. चार मिनिटांनी धाडकन अंधारलं की माणसाला वाटतं बॅटरी गेली. ही सर्किटं तपासून घ्यायला विद्यापीठाच्या आवारातल्या नाइलिट (NIELIT) या इलेक्ट्रॉनिक्सच्या संस्थेत ओळख काढ.

एक जागा सगळे विसरतात: स्प्रिंग. लोखंडी स्प्रिंगचा रोध पन्नास मिलिओहम धरला आणि त्यातून सहा अँपिअर गेले, तर १.८ वॉट तिथंच जळतात. सेलचे तीन दशांश व्होल्टही तिथंच जातात. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना जाड सिलिकॉन वायर डाग, किंवा फॉस्फर ब्राँझची स्प्रिंग घे. दोन-तीन रुपयांच्या वायरनं जे मिळतं ते महागडी एलईडी देत नाही.

चार्जिंगला टाइप-सी. त्यात दोन ५.१ किलोओहमचे रोध टाकायला विसरू नको. ते वाचवले की दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलवर बॅटरी चार्ज होत नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं बिघडली. होलाची रबरी झाकणी वर्षात तुटते, म्हणून त्यावर आट्याची सरकणारी कॉलर दे. शेपटीला चुंबक दे, स्टार्टरच्या पेटीला चिकटवायला. कारखान्यात वापरणाऱ्यांसाठी मात्र तो काढता येईल असा ठेव. लेथच्या बरीत पडली की चुंबकाला लोखंडाची दाढी येते आणि ती काढता काढता बोटं फाटतात. डोकं षटकोनी कर, गोल बॅटरी बांधावरून घरंगळत थेट विहिरीत जाते. काच टफन केलेली, दोन्ही बाजूंनी कोटिंगची. साध्या काचेत आठ टक्के उजेड परत फिरतो.

बनली की तपास. त्यासाठी लॅब लागत नाही. मोबाइलवरचं लक्स मोजायचं अॅप अंदाजे असतं, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला चालतं. अंधाऱ्या खोलीत पाच मीटरवर मोज आणि पंचविसानं गुण, कँडेला मिळतात. तिथं ९०० लक्स आले तर तुझे २२,५०० जमले. लुमेनसाठी थर्माकोलचं खोकं कर, आतून पांढरं. ज्याचे लुमेन माहीत आहेत असा घरातला एलईडी बल्ब आधी त्यात लावून आकडा घे आणि मग त्याच्याशी ताडून बघ. दर मिनिटाला नोंद कर, आणि हे मे महिन्यात कर, डिसेंबरात नको. मीटरभर उंचीवरून शहाबादी फरशीवर सहा बाजूंनी पाड. रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेव.

पल्ला बघायला गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याकडं जाशील तर भावाला बरोबर ने. झोत आकाशात नको, चिकलठाण्याला विमानं उतरतात. गौताळ्यात तर रात्री झोत टाकत फिरायचा विचारही करू नको. ते अभयारण्य आहे, वनखातं बॅटरीसकट तुला धरेल.

पहिले नग दाजींना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना एका रात्रपाळीपुरते दे. वापरायचं कसं ते सांगू नको. सकाळी परत घेताना बॅटरी कुठं मळली आहे ते बघ, हात कुठं पडतो ते त्यावरून कळेल. पकडीचं नर्लिंग तिथं हलव. कुणी काखेत धरली असेल तर घामाचे डाग बटणावर असतील, म्हणजे बटण चुकीच्या जागी आहे.

आणि ओ-रिंग नायट्राइलच्या घे, आट्यांना सिलिकॉनचं ग्रीस दे. जादा दोन ओ-रिंग पिशवीत टाक, आणि त्यांचं माप टोपीच्या आतल्या बाजूला कोरून ठेव. चार वर्षांनी पिशवी हरवलेली असेल, तेव्हा फुलंब्रीच्या हार्डवेअरच्या दुकानात माप सांगितल्यावर ओ-रिंग मिळाली पाहिजे.